पाहुण्याने पाहिलेले देऊळ

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी आणि नाटक यांचा पुष्कळ विचार केला आहे. परंतु ग्रंथांचा एक प्रकार असा आहे की, ज्याकडे इतिहासाचे अभ्यासक तेवढे वळतात आणि साहित्याचे वाचक सहसा वळत नाहीत. एखाद्या गावाची देवळे मोजावीत, त्यांचे दरवाजे कोणत्या दिशेला आहेत ते लिहून ठेवावे, जत्रा कधी भरते, बाजारात काय विकले जाते, सणाला माणसे कशी वागतात हे नोंदवावे, एवढाच या ग्रंथांचा उद्देश असतो. चिनी भाषेत अशा ग्रंथांची फार जुनी आणि समृद्ध परंपरा आहे. मराठीत ते संख्येने थोडे आहेत, पण मोलाने कमी नाहीत. या दोन परंपरांतील काही ग्रंथ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक प्रश्न आपोआप पुढे येतो: देऊळ अधिक चांगले कोणाला दिसते, तेथे रोज गुडघे टेकणाऱ्याला, की वाटेने जाताना क्षणभर थांबलेल्या पाहुण्याला?

हा प्रश्न आमगावात बसून विचारण्यास एक खास कारण आहे. आमगावच्या लगतच पदमपूर हे खेडे आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संस्कृत नाटककार भवभूती याचे जन्मगाव पद्मपूर ते हेच, असे मत मांडले आणि ते येथे सर्वांच्या तोंडी आहे. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव दिलेले आहे. आठव्या शतकातील या कवीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत घराण्याचा परिचय दिला, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ आणि आई जातुकर्णी यांची नावे सांगितली, गावाचेही नाव सांगितले. पण त्या गावात देवळे किती होती, वेस कोणत्या दिशेला होती, पावसाळ्यापूर्वी लोक कोणता सण करीत, यांविषयी तो एक शब्दही बोलत नाही. त्याचा तो विषयच नव्हता, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. तरीही परिणाम असा झाला की, एका थोर कवीचे गाव म्हणून पदमपूर आपल्याला ठाऊक आहे आणि गाव म्हणून ते आपल्याला मुळीच ठाऊक नाही. शेतांतून निघालेले शिल्पावशेष तेवढे उरले, त्यांच्याभोवतीची माणसे उरली नाहीत.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. उत्तर चीनमधील लोयांग हे नगर इ. स. ४९३ नंतर उत्तर वेई राजघराण्याची राजधानी झाले आणि अवघ्या चाळीस वर्षांत बौद्ध विहारांनी भरून गेले. इ. स. ५३४ मध्ये राज्य दुभंगले, राजधानी ये या नगरात हलवली गेली आणि लोयांग ओस पडले. पुढे इ. स. ५४७ मध्ये यांग श्वान-चि नावाचा एक अधिकारी सरकारी कामानिमित्त त्या वाटेने गेला. तट ढासळलेले, वाडे कोसळलेले, विहारांची राख झालेली आणि राजरस्त्यांवर गुराखी व शेतकरी वावरत असलेले त्याने पाहिले. एकेकाळी ज्या नगरात घंटांचा नाद थांबत नसे, तेथे आता एकही घंटा ऐकू येत नव्हती. पुढच्या पिढ्यांना या नगराची काहीच कल्पना राहणार नाही, या भीतीने त्याने ‘लोयांगमधील विहारांची नोंद’ हा ग्रंथ लिहिला. विल्यम जेनर आणि वांग यि-थुंग या दोघा अभ्यासकांनी त्याची इंग्रजी भाषांतरे अनुक्रमे १९८१ आणि १९८४ साली प्रसिद्ध केली, त्यामुळे आपल्यासारख्या वाचकांनाही तो वाचता येतो.

ग्रंथाची मांडणी अत्यंत साधी आहे. पाच भाग, पहिला तटाच्या आतला आणि पुढचे चार पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर या दिशांचे. एखाद्या जाणत्या माणसाने आपला हात धरून वेशीवेशीने फिरवावे, तसा लेखक आपल्याला फिरवतो. भरभराटीच्या काळी नगरात एक लाख नऊ हजारांहून अधिक कुटुंबे आणि १,३६७ विहार होते. राजधानी हलल्यानंतर ४२१ विहार उरले, असे आकडे तो देतो. विहाराचा पत्ता सांगता सांगता तो शेजारच्या गल्लीत शिरतो. कोणत्या पेठेत मद्य गाळणारे राहत, कोणत्या पेठेत शवपेट्या विकणारे, परदेशांतून आलेल्यांची वस्ती नदीपलीकडे कशी होती, दक्षिणेकडून आलेला एक सरदार मांस आणि दही सोडून मासळी आणि चहाच कसा पसंत करी आणि त्यावरून दरबारात त्याची थट्टा कशी होई, हे सारे विहारांच्या नोंदींत येते. चौथ्या महिन्यात बुद्धजयंतीच्या निमित्ताने नगरातील हजारावर मूर्ती एका विहारात जमत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मिरवणूक निघे, सम्राट स्वतः फुले उधळी, गर्दीत पाय ठेवायला जागा नसे. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत किंवा वसईच्या एखाद्या सणाच्या मिरवणुकीत चाललेल्या वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही.

इ. स. ५१६ मध्ये राजमाता हू हिने उभारलेला युंगनिंग विहाराचा नऊमजली लाकडी मनोरा हे या ग्रंथाचे केंद्र आहे. इ. स. ५३४ मध्ये तो आगीत सापडला. तीन भिक्षूंनी त्या आगीत उडी घेतली, तीन महिने आग विझली नाही आणि वर्षभर जमिनीतून धूर निघत राहिला, असे यांग सांगतो. मनोऱ्याची उंची मात्र तो कळसासकट एक हजार चिनी फूट देतो. त्याचाच समकालीन भूगोलकार ली ताओ-युआन याने ती त्याच्या निम्म्याहून कमी धरली आहे आणि पायाची लांबी-रुंदी प्रत्येकी १४० फूट दिली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा पायाची बाजू सुमारे ३८ मीटर भरली. त्या काळचा फूट आजच्यापेक्षा लहान होता हे लक्षात घेतले, तर भूगोलकाराचे माप नेमके जुळते. यांगची उंची ही शोक करणाऱ्याची उंची आहे. गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपण त्याला दोन बोटे उंच करतो, तसे हे आहे. वाचकाने आकडा दुरुस्त करून घ्यावा आणि तो दुःखाने फुगला होता हेही ध्यानात ठेवावे.

ग्रंथातील एक कथा आपल्या वाचकांना विशेष रुचेल. एक भिक्षू मरून सात दिवसांनी जिवंत झाला आणि यमाच्या दरबारात त्याच्याबरोबर उभ्या राहिलेल्यांची हकीकत सांगू लागला. ध्यान करणारे आणि सूत्रे पाठ म्हणणारे स्वर्गात गेले. मोठमोठी प्रवचने करणारा, पैसा जमवून मूर्ती घडवणारा आणि अधिकारी असताना लोकांची संपत्ती वापरून विहार बांधणारा, हे तिघेही काळ्या दाराकडे पाठवले गेले. ही कथा यांगने सहज घातली असेल, असे मला वाटत नाही. बौद्धधर्माच्या टीकाकारांत त्याची गणना पुढील बौद्ध ग्रंथकारांनीच केलेली आहे. विहारांवर झालेला अफाट खर्च त्याला खुपत होता आणि त्याच विहारांच्या नाशाने तो व्याकूळही झाला होता. या दोन भावनांच्या ताणातून ग्रंथाला धार आली आहे. निव्वळ भक्ताने तो लिहिला असता तर स्तोत्र झाले असते आणि निव्वळ विरोधकाने लिहिला असता तर आरोपपत्र झाले असते.

पण यांगचाही एक मोठा उणेपणा आहे आणि तो प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो. एवढ्या सर्व विहारांची नोंद करणे शक्य नाही, म्हणून आपण मोठे विहार घेतले आणि लहानांपैकी ज्यांच्याशी काही अद्भुत गोष्ट जोडलेली आहे तेवढेच घेतले, असे तो म्हणतो. म्हणजे राजकन्यांनी, सरदारांनी आणि कंचुकींनी बांधलेले विहार राहिले. गल्लीतल्या लोकांनी पैसापैसा जमवून बांधलेल्या शेकडो लहान विहारांचे नावही उरले नाही. ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

आता मराठीकडे येऊ. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. स्वामींच्या पहिल्या अनुयायांत नीळभट भांडारेकार होते. त्यांचे नावच भंडाऱ्याचे आहे, आणि १९९९ पर्यंत आमगावही भंडारा जिल्ह्यातच होते. म्हणजे मराठी गद्याच्या या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा उगम आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. पुढे स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले, त्या जागांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ तयार झाली. ती चौदाव्या शतकातील समजली जाते आणि नागपूरचे विद्वान वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले आहे.

‘स्थानपोथी’ उघडणाऱ्याला प्रथम ती कोरडी वाटते. अमुक गावी अमुक देवाचे देऊळ, त्याचे दार पूर्वेला. दक्षिणेकडे दुसरे देऊळ, त्याचे दार उत्तरेला. दोहोंच्या मध्ये चौक. चौकाच्या अमुक बाजूला स्वामींचे आसन. पानेच्या पाने असेच चालते. मुक्काम दीर्घ असेल तर ‘अवस्थान’, एका रात्रीचा असेल तर ‘वसति’, केवळ बसणे झाले असेल तर ‘आसन’, असे शब्द ठरलेले आहेत. शौचाला गेलेली जागाही ‘परिश्रय’ म्हणून नोंदवलेली आहे. ज्याला ईश्वराचा अवतार मानले त्याच्या देहाच्या कोणत्याही व्यवहाराची लाज या लेखकांना वाटली नाही. शब्द घेतला हे ज्या धर्माचे लोक मानतात की देव देहधारी झाला, त्यांना तरी या नोंदीचे हसू येऊ नये.

कोरडेपणाची सवय झाली की या पोथीचे खरे स्वरूप दिसू लागते. महानुभाव पंथ देवळांतील देवतांची उपासना सांगणारा नव्हे. देवतांना तो मोक्ष देणाऱ्या परमेश्वराच्या पायरीला बसवीत नाही. मग त्याच्या ग्रंथांत यादवकालीन देवळांची एवढी बारीक माहिती का यावी? कारण सरळ आहे. हिंडणाऱ्या संन्याशाला रात्री डोके टेकायला देऊळच मिळे. पैठणला स्वामी भोगनारायणाच्या देवळात राहिले. लोणारला, वेरूळला, वऱ्हाडातील लहानमोठ्या गावांतही असेच घडले. देऊळ त्यांना धर्मशाळेसारखे होते. त्यामुळे नोंद करणाऱ्यांनी देवाच्या महात्म्याची फुले उधळली नाहीत. दार कुठे, पटांगण कुठे, ओटा कुठे, एवढेच त्यांनी पाहिले आणि ते अचूक पाहिले. आज त्यांतील कित्येक देवळे पडून गेली आहेत. ज्यांनी त्या देवांची पूजा केली त्यांनी ती कशी होती हे लिहून ठेवले नाही, आणि ज्यांनी पूजा केली नाही त्यांच्या पोथीतून ती आपल्याला उभी करता येतात.

अर्थात केवळ ‘स्थानपोथी’ वाचून नगर दिसत नाही. तीत दिशा आहेत, पण गलबला नाही. तो हवा असेल तर तिच्या जोडीला ‘लीळाचरित्र’ आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा वाचाव्या लागतात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे तेव्हा देवळांचे गाव होते. गोविंदप्रभू तेथे कोणाच्याही घरात शिरत, चुलीवरचे खात, बाजारात खेळत, रस्त्यात हट्ट धरीत. त्यांच्या मागे जाता जाता आपल्याला घरोघरचे स्वयंपाक, उतरंडी, विहिरी, भांडणे, अस्पृश्यांची तहान, बायकांची कुजबुज असे सारे गाव दिसते. म्हाइंभटांनी या आठवणी साक्षीदारांना विचारून जमवल्या आणि जेथे एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली तेथे दोन्ही नोंदवल्या. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, असे सांगण्याची ही वृत्ती त्या काळाच्या मानाने आश्चर्यकारक आहे. नारायण व्यास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे याच गावावरचे काव्य मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्यात अलंकारांचा थाट आहे आणि गाव त्या थाटाखाली झाकून जाते. काव्य म्हणून त्याला मान द्यावा. पण गाव पाहायचे असेल तर मी पोथी आणि लीळा हाती घेईन. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, हे उचितच झाले.

या परंपरेतला आधुनिक ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. ते १८६३ साली प्रसिद्ध झाले. माडगावकर मूळचे गोव्याचे, मिशनच्या शाळेत शिकलेले आणि शिकवणारे. देवळे, तळी, बाजार, जत्रा, नाना जातींच्या चालीरीती, शाळा, छापखाने, आगगाडी असे जे जे डोळ्यांना दिसले ते ते त्यांनी टिपले. यांगने नगर मेल्यावर लिहिले, माडगावकरांनी ते वाढत असताना लिहिले. अमेरिकेतील युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, मुंबईत पैशाचा पूर आला होता आणि जुन्या किल्ल्याचा तट पाडण्याची वेळ आली होती. वाढत्या नगराचे वर्णन करणे हे मेलेल्या नगरापेक्षा कठीण असते, कारण काय नाहीसे होणार आहे ते लेखकाला ठाऊक नसते. माडगावकरांनी म्हणूनच निवड फारशी केली नाही आणि त्यामुळेच त्यांचा ग्रंथ आज उपयोगी पडतो. इंग्रजी राज्याविषयीचा त्यांचा भाबडा कौतुकाचा सूर आणि मधूनमधून येणारा उपदेश आजच्या वाचकाला अडखळवतो. पण ज्या समाजांशी त्यांचा रोटीबेटीचा संबंध नव्हता, त्यांच्या सणांकडेही त्यांनी शेजाऱ्याच्या कुतूहलाने पाहिले. मराठी गद्यात हा गुण दुर्मीळ आहे.

आता ज्या ग्रंथात पाहुण्याने आपले देऊळ पाहिले, त्याकडे वळतो. १६३५ साली ल्यू थोंग आणि यू यि-चंग या दोघांनी पेकिंग नगरीवर एक ग्रंथ लिहिला. राजधानीतील प्रेक्षणीय स्थळे, विहार, उद्याने, जत्रा आणि ऋतूंप्रमाणे चालणाऱ्या रीतिभाती यांचे त्यात वर्णन आहे आणि प्रत्येक स्थळाच्या शेवटी त्यावरील कविता जोडलेल्या आहेत. बौद्ध विहार आणि ताओपंथी मठ यांच्या याच यादीत एक नोंद कॅथलिक चर्चची आहे आणि दुसरी फादर मात्तेओ रिची यांच्या कबरीची आहे. रिची १५७८ ते १५८२ या काळात गोवा आणि कोची येथे होते. याच सुमारास, १५७९ साली, ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. एका संघाचे हे दोन पुरुष. एकाने साष्टीत राहून मराठी आपलीशी केली आणि दुसऱ्याने चीनला जाऊन चिनी. १६०१ मध्ये रिची पेकिंगला पोचले, १६१० मध्ये तेथेच वारले आणि सम्राटाने त्यांच्या दफनासाठी नगराबाहेर जागा दिली.

दोन्ही लेखक ख्रिस्ती नव्हते. चर्च अरुंद आणि लांबट आहे, असे ते सांगतात. वेदीवर येशूचे चित्र आहे. चित्र असूनही दुरून ते मूर्तीसारखे भासते. चेहरा तिशीच्या माणसाचा. डाव्या हातात आकाशगोल. उजव्या हाताची बोटे अशी की जणू काही समजावून सांगत असता मधेच थांबला आहे. कान, नाक उठून दिसतात, डोळ्यांत पाहणे आहे, ओठांत आवाज आहे आणि आपल्या देशाच्या चित्रकारांना हे साधत नाही, अशी कबुलीही ते देतात. उजवीकडे मातेचे मंदिर आहे. ती मुलीसारखी तरुण आहे आणि तिच्या हातात एक बालक आहे; तोच येशू, असे ते समजावतात. दुर्बीण, घड्याळ, तंतुवाद्य या वस्तूही त्यांनी पाहून ठेवल्या. रिची यांची कबर खाली चौकोनी आणि वर गोल आहे, मागे सहा कोनांचा मंडप आहे आणि त्यात चिनी लिपीतील ‘दहा’ या अक्षरासारखी आडवी-उभी खूण आहे, असे ते लिहितात. क्रूसाला त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

हे वर्णन वाचताना मी बराच वेळ थांबलो. आपण जन्मभर ज्या चित्रासमोर हात जोडतो, त्याचा हात बोलता बोलता थांबल्यासारखा आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलेले असते? सवयीने डोळे मिटलेले असतात. ज्याला प्रार्थना करायची नव्हती, त्याने नीट पाहिले. त्याने श्रद्धेची थट्टा केली नाही, स्वतःचा विचारही लपवला नाही. १९०० सालच्या बंडात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली. नंतर ती पुन्हा उभारली गेली, पण पहिली कबर कशी दिसत होती हे सांगायला हा बिगरख्रिस्ती चिनी ग्रंथ साक्षीला येतो.

लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता थोडे स्पष्ट होते. यांग टीकाकार होता, ‘स्थानपोथी’चे कर्ते त्या देवतांचे उपासक नव्हते, पेकिंगचे दोघे परधर्मीय होते, माडगावकर अनेक देवळांच्या उंबऱ्याबाहेरचे होते. पाहुण्याची नजर अधिक स्वच्छ, असाच निष्कर्ष यातून निघतो काय? मला तो पुरेसा वाटत नाही. पाहुणा दार, चित्र, मनोरा पाहतो. पहाटेच्या मिस्सेला घंटा कोणत्या म्हातारबाबांनी चाळीस वर्षे वाजवली, तपश्चर्याकाळात बायका कोणत्या चालीवर क्रूसाची वाट म्हणत, नाताळला पहिली करंजी कोणाच्या घरी पाठवली जाई, हे पाहुण्याला कळत नाही. ते घरच्यालाच सांगावे लागते. मात्र घरच्याने पाहुण्याची शिस्त घेऊन सांगावे लागते. म्हाइंभट घरचे होते, भक्त होते आणि तरी साक्षी तपासत होते. म्हणून मला त्यांची पद्धत या सर्वांत श्रेष्ठ वाटते.

या ठिकाणी आपल्या समाजाच्या लेखनाकडे पाहिले पाहिजे. वसईच्या किल्ल्यात छप्पर उडालेली चर्चे उभी आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यापूर्वीच्या दोनशे वर्षांतल्या त्या भिंती आहेत. दगडांवरचे पोर्तुगीज लेख वाचता येतात. पण त्या देवळांत स्थानिक माणसे काय गात, कोणत्या बोलीत पाप सांगत, सणाला काय रांधत, हे सांगणारी त्या काळची मराठी पोथी आपल्या हाती नाही. वसईच्या लेखकांनी गेल्या काही दशकांत आपल्या चालीरीती, बोली, गाणी लिहून काढण्याचे मोठे काम केले आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. विदर्भातील आपली स्थिती मात्र निराळी आहे. येथे धर्मग्राम विखुरलेले, कुटुंबे थोडी, घरच्या भाषा अनेक. कोणी रेल्वेच्या नोकरीत आलेले, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी येथल्याच मातीतले. मुले शिकून नागपूरला, पुण्याला, परदेशी जातात. एका पिढीत भाषा बदलते आणि तिच्याबरोबर आठवण बदलते.

आपण लिहीत नाही, असे नाही. रौप्यमहोत्सव आला, सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. माझ्या पाहण्यात अशा पुष्कळ स्मरणिका आल्या आहेत. पहिल्या पानांवर मान्यवरांचे संदेश, नंतर इमारतीच्या खर्चाचा तपशील, देणगीदारांची यादी, धर्मगुरूंची नावे व वर्षे, शेवटी जाहिराती. समीक्षकाने त्यांना साहित्याचे निकष लावू नयेत, असे कोणी म्हणेल. मी लावतो, कारण शंभर वर्षांनी आपल्याविषयी कोणी काही शोधू लागला तर त्याच्या हाती याच पडणार आहेत. या स्मरणिका यांगच्या पहिल्या चुकीची पुनरावृत्ती करतात: ज्यांनी पैसा दिला त्यांचे देऊळ राहते आणि ज्यांनी झाडलोट केली त्यांचे राहत नाही. यांगला निदान तो काय गाळतो आहे हे माहीत होते आणि त्याने ते कबूल केले. आपल्या स्मरणिकांत सारे सदैव मंगल असते. जुने प्रार्थनामंदिर पाडताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, कोणत्या वर्षी दोन गटांत अबोला झाला आणि तो कोणी मोडला, याची ओळसुद्धा नसते.

जुन्या करारातील नहेम्याचे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. तो रात्री जनावरावर बसून यरुशलेमचा पडका तट पाहतो, कोणाला काही सांगत नाही. मग तिसऱ्या अध्यायात वेशीमागून वेस येते, मेंढरांची वेस, मासळीची वेस, आणि प्रत्येक तुकडा कोणी बांधला त्याची नावे येतात. त्यांत याजक आहेत, सोनार आहेत, गांधी आहेत, एक आपल्या मुलींसह काम करणारा आहे. आणि तकोवा गावच्या सरदारांनी कामाला खांदा लावला नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे. मोठ्यांची उणीव आणि लहानांचे श्रम एकाच यादीत आले, म्हणून ती यादी ग्रंथ झाली.

आमगावसारख्या गावातील आपल्या वाचकांना मी म्हणून एक साधी सूचना करतो. प्रत्येक धर्मग्रामाने, प्रत्येक लहान प्रार्थनाकेंद्रानेही, एक वही करावी. दार कोणत्या दिशेला आहे इथपासून सुरुवात करावी. फरशी केव्हा घातली, त्यापूर्वी काय होते, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पहिली नोंद कोणत्या वर्षाची आहे, दफनभूमीत पुसट होत चाललेली अक्षरे कोणती, हे डोळ्यांनी पाहून लिहावे. मग वयोवृद्धांकडे जावे. त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही ठेवाव्यात. शेवटी एखाद्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्याला विचारावे की, तुम्हाला आमचे देऊळ कसे दिसते, आमचा कोणता सण लक्षात राहिला. त्याचे उत्तर न सुधारता उतरवून घ्यावे. आणि शक्य असेल तर आपणही त्याच्या देवळाविषयी तेवढ्याच आदराने चार ओळी लिहाव्यात, कारण पदमपूरचे देव जसे विस्मृतीत गेले तसे आजचेही जाऊ शकतात.

असल्या वहीला वाङ्मय म्हणावे का, असा प्रश्न उरतो. ‘स्थानपोथी’ लिहिणाऱ्यांना तो पडला नव्हता. आपण वाङ्मय निर्माण करीत आहोत, असे त्यांच्या मनातही नसावे. त्यांना एवढीच काळजी होती की, उद्या कोणी श्रद्धेने त्या जागेकडे निघाला तर त्याने उत्तरेच्या दाराऐवजी पूर्वेच्या दाराशी उभे राहू नये. मराठी गद्याच्या इतिहासात त्या काळजीला आज मानाचे स्थान आहे. आपल्या वहीचे पुढे काय होईल ते पुढच्यांनी ठरवावे. ती आज नसेल, तर ठरवायला त्यांच्यापुढे काहीच असणार नाही.